पाहुण्यांसाठी भरलेली विहीर

मी तीस वर्षं तंजावूरच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. नद्या, खोरी, भूजल, सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं. पण माझ्याच परसातल्या विहिरीत किती पाणी आहे, हे मी निवृत्त होईपर्यंत एकदाही मोजलं नव्हतं. मोटर चालू केली की नळाला पाणी यायचं, आणि नाही आलं की मी मोटरवाल्याच्या नावाने शंख करायची. झाला आमचा भूगोल!

मोजायला शिकवलं ते पापनाशमच्या एका मुलीने. शहरातल्या जुन्या तळ्यांवर आणि विहिरींवर ती संशोधन करत होती. पोंगल संपल्यावर एका सकाळी दारात उभी राहिली, पाठीला पिशवी, हातात लांब टेप आणि टेपच्या टोकाला लोखंडी वजन. "टीचर, तुमची विहीर रोज मोजाल का?" शाळा सुटून चार वर्षं झाली होती आणि टीचर म्हणून कोणी हाक मारली नव्हती. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक चौकोनी तळं आहे, चारी बाजूंनी पायऱ्यांचं. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा त्यात पाणी असायचं. पुढे त्याला पाणी आणणारा ओढा कचऱ्याने बुजला आणि तळ्यात एरंड माजले. आता शहर सुंदर करायची योजना आली होती. तळ्याचा तळ आणि भिंती सिमेंटने गुळगुळीत करायच्या, मधे कारंजं, भोवती फिरायला वाट. गल्लीतले सगळे खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू!

"सिमेंट केलं तर तळं मरेल, टीचर," मुलगी म्हणाली. तिने मला कॉफीच्या टेबलावर बोटाने काढून समजावलं. पाऊस आता पूर्वीसारखा दोन महिने बेताबेताने पडत नाही. तीन दिवसांत सगळा कोसळतो, गल्ल्या तुंबतात, आणि पुढे महिनोन्महिने टिपूस नाही. जुन्या लोकांनी तळी आणि विहिरी जमिनीखालून भाजक्या मातीच्या नळ्यांनी जोडल्या होत्या, असं तिला वाटत होतं. नळी जवळजवळ सपाट, म्हणजे जिकडे पाणी जास्त तिकडून कमीकडे जाणार. तळं भरलं की विहिरी भरणार, गल्ली थंड राहणार, बेडूक, बगळे, खंड्या परत येणार. फक्त त्या नळ्या अजून जिवंत आहेत, हे तिला दाखवता येत नव्हतं. मे महिन्यातल्या एका सोमवारी योजनेची शेवटची बैठक होती. तोवर पुरावा नाही मिळाला, तर मंगळवारी सिमेंट.

आमच्या घरात माझ्याखेरीज आणखी एक माणूस आहे, माझ्या वन्सं, यजमानांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींना धरून आणि एकमेकींशी भांडून राहतो. त्या तमिळ वर्तमानपत्र अक्षर न अक्षर वाचतात, पण देवनागरी त्यांना येत नाही. मी ती पोस्टाने धडे मागवून चाळिशीत शिकले, म्हणून हे लिहिते आहे. बोलताना मात्र आम्ही आमची तंजावूरची मराठी बोलतो, निम्मी तमिळ घातलेली.

मुलीने पहिल्यांदा विहिरीत डोकावून विचारलं, "भिंतीत मधेच हे गोल भोक कसलं?" वन्सं म्हणाल्या, "तें कासवाचं दार. पूर्वी आमच्या विहिरींत कासव होतं. तिथून यायचं, तिथून जायचं." मुलीचे डोळे चमकले. पण पाणी त्या भोकाच्या कितीतरी खाली होतं, आणि नळीत माती भरली असेल तर ती निव्वळ भिंतीतली खोबण. तिने वहीत लिहून घेतलं, बस.

तेव्हापासून मी रोज सकाळी सातला टेप सोडायची. वजन पाण्याला लागलं की डुबुक असा आवाज येतो, तिथे बोट धरायचं, आकडा वहीत. एक दिवस चुकवला नाही. शाळेत मुलींनी एकमेकींच्या वहीतून आकडे उतरवले तर मी त्यांना वर्गाबाहेर काढायची, तेव्हा माझ्या वहीचा मला केवढा तोरा! दरम्यान मुलीने कॉलेजची पोरं गोळा करून ओढ्याचा एक तुकडा साफ केला, आणि मे महिन्यात उन्हाळी पावसाची एक बरी सर येऊन गेली. विहिरीवर काही परिणाम नाही. पाणी रोज बोटभर खालीच.

मग बैठकीच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला, की बुधवारी अकराला तिचे प्राध्यापक आणि बाहेरगावचे दोन संशोधक आमची विहीर बघायला येणार आहेत.

वन्संनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "रिकामी विहीर दाखवायची काय गे त्यांना?"

आता हे बाहेरच्यांना कळणार नाही, पण आमच्या घरांत पाहुण्याला रिकामं भांडं दाखवत नाहीत. तांदळाचा डबा तळाला गेला असेल तरी त्यात मूठभर राखायचे. पाहुणा पायरी चढताना घरातली बाई रिकामी घागर घेऊन समोर येणार नाही, नळाला पाणी नसेल तर शेजारून तांब्याभर आणून घागरीत ओतेल आणि मगच बाहेर पडेल. मी स्वतः तेच करत आले आहे. वन्संचं म्हणणं, विहीर म्हणजे घरातलं सगळ्यांत मोठं भांडं. ते रिकामं ठेवून चार शिकलेल्या माणसांना बोलवायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेलीच!

तुम्हाला वाटेल, भूगोलाच्या बाईंनी तरी समजावलं असेल. छे! मी म्हणाले, "एक लॉरी पुरेल का दोन सांगू?"

बुधवारी पहाटे उजाडताच दोन तण्णी लॉऱ्या, म्हणजे पाण्याचे टँकर, गल्लीच्या तोंडाशी लागले. लॉरीवाला विचारत होता, "अम्मा, टाकी कुठे?" वन्संनी विहिरीकडे बोट दाखवलं. तो बिचारा आमच्या दोघींकडे आलटूनपालटून बघत राहिला. आयुष्यभर त्याने विहिरीतून लॉरी भरली होती, लॉरीतून विहीर कधी नाही. पाणी चढलं, कासवाच्या दाराच्याही वर गेलं. आंघोळ घातलेल्या पोरासारखी विहीर लखलखीत दिसायला लागली. आम्हाला काय आनंद झाला सांगू!

सात वाजले. मी सवयीने टेप सोडला, आकडा वहीत लिहिला. खरा आकडा. लॉरीचं काही लिहिलं नाही. खरं सांगते, मनात लबाडी नव्हती. पाहुण्यांसाठी चादर बदलली तर ती कोणी वहीत लिहितं का?

अकराला मंडळी आली. मुलीने विहिरीत डोकावलं आणि किंचाळलीच. वही बघितली, फोटो काढला, माझ्या गळ्यात पडली. "टीचर, पाणी आलं! ओढा साफ केला, सर आली, आणि पाणी आलं!" प्राध्यापकही खुळावले. तळं अजून कोरडंच कसं, हे त्या आनंदात कोणाच्या मनातही आलं नाही. सोमवारच्या बैठकीत हाच पुरावा पुढे ठेवायचा ठरला. मी ताक आणि मुरुक्कू, म्हणजे चकल्या, वाढत होते आणि लॉरीचं सांगायला तोंड उघडत होते. वन्सं मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "तूं बोलूं नको. पोर केवढी खूश आहे बघ की." आणि मी नाही बोलले.

गुरुवारी सकाळी पाणी थेट कासवाच्या दारापर्यंत उतरलं होतं. शुक्रवारी त्याच्याखाली जेमतेम बोटभर. दोन्ही आकडे मी लिहिले. ज्या मुलींना मी वर्गाबाहेर काढलं होतं, त्या एकेक आठवायला लागल्या. त्यांनी निदान एकमेकींचे खरे आकडे तरी उतरवले होते. ही पोर सोमवारी उभी राहून माझा टँकर पाऊस म्हणून सांगणार, आणि कोणी एकाने लॉरी बघितली असली की तिची पाच महिन्यांची मेहनत मातीत. शुक्रवारी दुपारी मी बस धरली आणि पापनाशमला तिच्या घरी गेले.

तिने ऐकून घेतलं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. "टीचर, तुम्ही?" एवढंच म्हणाली. तिच्या आईने आणलेली कॉफी दोघींच्या मधे निवून गेली. मी उठायला लागले, तेव्हा तिने हात पुढे केला. "वही आणलीत?"

वही मी कुठेही विसरत नाही. तिने बुधवार, गुरुवार, शुक्रवार एकाखाली एक वाचलं. मग परत वाचलं. मग रागातच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाराच्या वरचं सगळं पाणी एका दिवसात गेलं. दाराखालचं तसंच राहिलं. वरचं कुठे गेलं?"

"दारातून," मी म्हणाले. "तळ्याकडे!"

शनिवारी सकाळी ती फावडं घेऊन तळ्यात उतरली. मी साडी खोचून मागोमाग. कडक उन्हात सगळा तळ भेगाळलेला, पण आमच्या गल्लीकडच्या भिंतीशी, एरंडांच्या मागे, गाडीभर जागा ओली होती. तिथे चिखलात बगळ्याच्या पावलांचे ठसे होते. तिने खणायला सुरुवात केली. हातभर खाली मातीच्या नळीचं गोल तोंड लागलं, गाळाने भरलेलं, आणि गाळ ओला. मुलीने कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. "ओल म्हणजे पुरावा नाही, टीचर. म्हणतील कोणाचा तरी नळ फुटला असेल. त्यांच्या डोळ्यांसमोर यायला पाहिजे."

सोमवारी बैठकीच्या आधी तासभर तिने योजनेच्या इंजिनिअरला तळ्यावर बोलावलं. तो आला, बूट चिखलात बुडू नयेत म्हणून पायरीवरच उभा राहिला. मी तळ्यात, वन्सं घरी विहिरीपाशी, लॉरीवाला तोच. आता त्याला काही विचारावंसं वाटत नव्हतं. मी वन्संना फोन केला, "ओता."

पहिली लॉरी संपली. काही नाही. दुसरी लावली. इंजिनिअरने घड्याळ बघितलं, फोन बघितला, परत घड्याळ. "मॅडम, बैठकीला उशीर होतोय." मुलगी नळीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली होती. मी देवाला म्हणाले, माझी चूक माझ्या पदरात घाल, हिच्या नको. फोनवर वन्सं ओरडत होत्या, "लॉरी सरली गे! दुसरीही सरली! आलं काय?" मी काय सांगणार! इंजिनिअर दोन पायऱ्या वर चढला होता.

इतक्यात नळीतला गाळ हलला. आतून एक खेकडा बाहेर आला, नांग्या उगारून, त्याच्या घरात कोणी घुसलं होतं ना! त्याच्या मागून बुडबुडे, मग करड्या चिखलाचं एक गाठोडं भस्सकन सुटलं आणि मग पाणी. आधी गढूळ, मग मनगटाएवढी धार, मुलीच्या गुडघ्यांवरून तळ्याच्या भेगांत पळत सुटली. ती हसत होती, ओरडत होती, आणि मी भूगोलाची बाई चिखलात नाचत होते. नाचत होते म्हणजे नाचतच होते!

इंजिनिअर खाली आला. बूट गेले चिखलात. "छान युक्ती आहे," तो म्हणाला. "विहिरीत पाणी ओतून बघायची. ही पद्धत कोणी काढली?"

मुलगी खाली वाकून नळीच्या तोंडाचा गाळ उपसायला लागली. तिने मला वाचवलं असतं, मला माहीत आहे. पण बुधवारी गप्प बसले होते तेवढं पुरे झालं होतं. "पद्धत कसली, साहेब," मी म्हणाले. "पाहुण्यांना रिकामी विहीर कशी दाखवायची म्हणून आम्ही दोघींनी बुधवारी दोन लॉऱ्या ओतल्या, आणि या पोरीला सांगितलं नाही. फसवलं मी तिला."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. नळीपाशी उकिडवा बसला, बाही वर सारून हात आत घातला, आणि पाणी बराच वेळ हातावरून जाऊ दिलं.

"तुम्ही फसवलं नसतं, अम्मा," तो म्हणाला, "तर उद्या सकाळी मी हे बुजवलं असतं. आणि मला कळलंही नसतं."

मग ओल्याच हाताने त्याने फोन काढला आणि सिमेंटची गाडी निघाली असेल तर परत फिरवा म्हणून सांगितलं.