चार मिनिटांत भाजलेली दाढ

माझ्या घाईला माझ्या नोकरीनंच शेफारवून ठेवलं आहे. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत हायड्रोजनची मिरीएवढी गोळी लेझरनं पेटवतात. सूर्याच्या पोटात चालतं तसं संमीलन क्षणभर तिच्यात होतं. ते केव्हा पेटलं, केव्हा भरात आलं, केव्हा ओसरलं, हे बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांवरून मोजायचं, हे माझं काम. सगळा खेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागात आटोपतो. आलेख जितका उंच आणि अरुंद, तितके आम्ही खूश.

देवरुखजवळच्या आमच्या गावी, अंगणात बसून हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमच्यात लवकर आटपलं तर बरं."

त्या मे महिन्यात त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून दाढ भाजायला मी गेले. दाढ म्हणजे भाताची रोपं, म्हणजे तरवा, करायचा वाफा. उन्हाळाभर गोळा केलेला पाला, शेण, वाळक्या फांद्या काकांनी त्यावर पसरल्या होत्या. "वारा जातो त्या टोकाला लाव हां बाय. आग वाऱ्याच्या उलटी सरकू दे," त्यांनी बजावलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय. मी लावली दुसऱ्या टोकाला. आग अशी धावली की विचारू नका. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलंच होतं. "काका, चार मिनिटांत आटपलं!" मी बांधावरून ओरडले.

काका काठी टेकत आले. राखेत बोट खुपसून खालची माती चाचपली. ती गारच होती. जमीन सावकाश तापली तरच तणाचं बी मरतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "मस्त पेटवलंस गो."

जूनअखेरीस फोन केला तर काकूनं उचलला. "रोपापेक्षा तण जास्ती. रोज चिखलात बसून उपटतायत, गुडघा हा एवढा सुजलाय. तुला सांगू नको म्हणाले."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं शहाणी मी आणि राबत होते काका.

तेवढ्यात त्यांनीच फोन घेतला. "तरवा झकास आहे. तुझा आलेख कसा आला गो यंदा?"

"अरुंद," मी कशीबशी म्हणाले.

"अरुंद? अरे वा!" आणि मग काकूला ओरडून, "ऐकलंस काय? आपल्या पोरीचं लवकर आटपलं!"