आप्पांबरोबर क्रेडल माउंटनवर

टास्मानियात पाऊल ठेवताच पहिला घोळ झाला. तिथे बाहेरून फळं-भाज्या नेता येत नाहीत. लॉन्सेस्टनच्या विमानतळावर सामान हुंगणारा कुत्रा आप्पांच्या पिशवीपाशी येऊन शांत बसला. आत वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून घेतलेल्या हिरव्या मिरच्या होत्या. त्या टाकून द्याव्या लागल्या.

"कुत्र्याला मिरची कळती," आप्पा कौतुकाने म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. बार्शीकडच्या एका खाणीत त्यांनी तीस वर्षं दगड फोडले, म्हणून मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून इंजिनियरिंगपर्यंत पोहोचले. माझ्याआधी आमच्या घरात कुणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. आता मी वॉलॉंगॉंगला नोकरी करते आणि आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. क्रेडल माउंटनचा फोटो मी त्यांना दाखवला, तेव्हा बराच वेळ बघून ते म्हणाले, "काय दगड आहे!" तेवढ्यावर मी तिकिटं काढली. जन्मभर दगडाच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाला एकदा माथ्यावर उभं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सकाळी बसने डव्ह लेकला उतरलो. जानेवारी, म्हणजे इथला उन्हाळा, पण वारा कानशिलं बधिर करत होता. तळ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्याच्या पलीकडे डोंगर, करवतीचे दात वर करून ठेवल्यासारखा. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी टोपी घट्ट केली आणि ते चालू लागले.

पहिला चढ खडकाला लावलेली साखळी धरून चढलो. वर सपाटी लागली, तिथे एक लाकडी झोपडी होती. तिच्या आडोशाला चपाती आणि शेंगांची चटणी खाल्ली. तिथून पुढे वाट अशी उरतच नाही. फ्रिजएवढे, कुठे बैलगाडीएवढे दगड एकमेकांवर पडलेले, आणि त्यांतून अंतराअंतरावर खांब रोवलेले. हातापायांनी चढत एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायचं. याला इथले लोक 'स्क्रॅम्बल' म्हणतात.

आप्पा प्रत्येक दगडावर पाय ठेवण्याआधी हातातल्या छोट्या दगडाने त्याला ठोकायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजला तर पाय टाकायचे. बद्द वाजला तर बाजूने जायचे. आमचा वेग मुंगीचा झाला. मागून येणारे पुढे जात होते आणि मला लाज वाटत होती.

"आप्पा, इथून रोज माणसं चढतात."

"माणसं चढत्यात गं. दगड कुणाला सांगून हलतो का?"

वरून उतरणारी एक पिकल्या केसांची बाई थांबली. हसून इंग्रजीत म्हणाली, "तुझे बाबा दारं ठोठावतायत का? आत कुणी आहे का बघायला?"

मी आप्पांना मराठीत सांगितलं.

"सांग तिला, घरमालक झोपलाय तोवर बरंय."

ती खदखदून हसली. मग पश्चिमेकडे बोट दाखवून गंभीर झाली. "ढग येतोय. दुपारपर्यंत वर थांबू नका."

मी मान डोलावली आणि वेग वाढवला. माथा वीस मिनिटांवर दिसत होता. इथवर आणून ढगामुळे परत फिरायचं मला सहन होईना. "आप्पा, चला लवकर," म्हणत मी दोन दगड ओलांडून पुढे गेले आणि तिसऱ्या सपाट दगडावर उडी टाकली. तो कलला. माझा डावा पाय फटीत गेला आणि दगड घोट्यावर येऊन टेकला.

दुखलं नाही. पण पाय निघेना. मी ओढला, तसा दगड करकरत आणखी खाली बसला.

"वढू नगंस!" आप्पा ओरडले. खाणीतला आवाज होता तो. मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "जितकं वढशील तितका बसतोय त्यो."

तेवढ्यात ढग आला. पुढचा खांब दिसेनासा झाला. आसपास माणूस नाही, फोनला रेंज नाही. घोट्यावरचा दाब हळूहळू वाढतोय असं मला वाटत होतं, आणि हा पाय गेला तर आप्पा इंग्रजीचा एक शब्द न येता कुणाला काय सांगणार, हाच विचार डोक्यात फिरत होता.

आप्पा पोटावर झोपले. दगड खाली कुठे टेकलाय ते हाताने चाचपून बघितलं. मग पाचरीसारखे तीन दगड निवडले आणि एकेक करून फटीत ठोकून बसवले. तिसरा बसल्यावर करकर थांबली.

"आता बुटाची नाडी सोड. नुसता पाय काढ. सावकाश."

मोजा फाटला, कातडं सोललं, पण पाय बाहेर आला. पाठोपाठ आप्पांनी बूटही काढला.

"थोडंच राहिलंय, आप्पा," मी म्हणाले. खरंच म्हणाले. "ढग जाईल. तुम्हाला वर जायचं होतं ना?"

"मला?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "मला कशाला? तुझा जीव लागलाय म्हणून आलो. खालून बघितलं तवाच पाय लटपटले माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी तिकिटं काढलीस. नको कसं म्हणायचं?"

ढगात आम्ही उतरलो. आप्पा पुढे. ते दगड ठोकायचे, "हिथं ठेव" म्हणायचे, आणि मी तिथेच पाय ठेवायचे. झोपडीपर्यंत दोन तास लागले. तळ्याकाठी पोहोचलो तेव्हा शेवटच्या बसला थोडाच वेळ उरला होता.

वॉलॉंगॉंगला परत आल्यावर मैत्रिणींनी माथ्यावरचा फोटो मागितला. तो नाहीच. त्यांनी मला शिकवलं, तेव्हाही आप्पांना स्वतःला काय हवं होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं. ते देत गेले, मी घेत गेले, आणि परतफेड करायला निघाले तेव्हाही त्यांच्या मनातलं मीच ठरवलं.

डोंगरावरून उतरलो त्या संध्याकाळी, मुक्कामाच्या केबिनमध्ये घोट्याला हळद लावताना, मी सवयीने विचारलं होतं, "उद्या धबधबा बघायला जाऊ या?"

आप्पा म्हणाले, "न्हाई. मला उद्या कुठंच जायचं न्हाई. झोपायचंय."

दुसऱ्या दिवशी ते दहा वाजेपर्यंत झोपले. मी आवाज न करता चहा केला आणि झाकून ठेवला.