पठारावरचा हलका ट्रायपॉड

शिरगुप्पे साहेबांनी ट्रायपॉड दोन बोटांवर उचलला आणि माझ्यासमोर धरला. "बघा जाधव, पिसासारखा! तुमच्या कमरेचा प्रश्न मिटला."

आम्ही सांगलीत, कॅमेऱ्याच्या दुकानात उभे होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीचं फोटोंचं काम माझ्याकडे होतं आणि साहेब त्या कंपनीचे पब्लिसिटी ऑफिसर. माझ्या जुन्या ट्रायपॉडचा एक पाय काम चालू असताना आपोआप आत सरकायचा. त्यात माझं मणक्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून साहेबांनी खटपट करून नवा ट्रायपॉड मंजूर करून घेतला, तोही कार्बन फायबरचा. माणूस मनाने चांगला. अडचण तीच होती.

कार्बन फायबर म्हणजे केसाहून बारीक काळे धागे. ते रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, घट्ट बसवून नळी करतात. ती ॲल्युमिनियमपेक्षा हलकी असते आणि हादरा बसला तर लवकर शांत होते. दुकानात दोन प्रकार होते. एक जाड पायांचा, तीन टप्प्यांत उघडणारा. दुसरा सडपातळ, चार टप्प्यांचा. जेवढे टप्पे जास्त, तेवढा शेवटचा टप्पा बारीक. सगळा भार त्यावर.

"साहेब, जाड घेऊ. लग्नाचा हॉल, कारखाना, पठार, सगळीकडे चालेल."

"अहो, किलोभर फरक आहे! तुमची कंबर महत्त्वाची की नळीची जाडी?"

माझं पुढच्या वर्षीचं काम त्यांच्या सहीवर होतं. "कंबर," मी म्हणालो.

वार्षिक अहवालाच्या कव्हरसाठी फोटो हवा होता. पाती फिरताना दिसावीत, खांब मात्र स्पष्ट. त्यासाठी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात कॅमेरा जराही हलता कामा नये. पवनचक्क्या मुळात जिथे वारा असतो तिथेच उभारतात, हे सांगलीत साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

नव्या ट्रायपॉडवर फोटो काढले. फिल्म पुण्याहून धुऊन आली. पाती सुंदर फिरत होती. खांबही फिरत होता. मागचा डोंगरही जागेवर नव्हता.

साहेबांनी स्लाइड उजेडासमोर धरली. "आर्टिस्टिक म्हणता येईल का?"

"खांब हलताना दिसला तर शेअरहोल्डर काय म्हणतील?"

ते खुर्चीत बसले. "सोमवारी कव्हर प्रेसला जायचंय. नाही गेलं तर चेअरमन पुण्याचा स्टुडिओ लावतील. आणि विचारतील, हा ट्रायपॉड कुणी निवडला?"

मला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. दुकानात मी एकदाच बोललो होतो. दोनदा बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः जीपमधून पठारावर आले. कॅमेरा लावला. व्ह्यूफाइंडरमध्ये पवनचक्की थरथरत होती. शेजारच्याच घरातल्या सगुणाबाई म्हशींना पाणी पाजून थरथरणाऱ्या ट्रायपॉडकडे बघत उभ्या राहिल्या.

"आवं, ह्याला थंडी वाजतीया का काय?"

"वारा लय आहे, मावशी."

"वारा न्हाई तवा कवा असतोय हितं?" त्यांनी आपल्या घराकडे हात केला. पत्र्याच्या छपरावर ओळीने धोंडे ठेवले होते. "पत्रं असंच ऱ्हात्यात व्हय? वज्जं टाका की."

ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याखाली वजन अडकवायला हूक असतो. बाईंनी खताचं रिकामं पोतं दिलं. मला वजन उचलायची बंदी, तेव्हा इस्त्रीच्या शर्टातल्या साहेबांनीच दगड गोळा करून आणले. दहा-बारा किलो तरी असतील. पोतं दोरीने हुकाला टांगलं, तर ते वाऱ्याने झोके घेऊ लागलं आणि ट्रायपॉड आणखी हलला.

"पाळणा कशाला केलाय?" बाई म्हणाल्या. "भुईला टेकू द्या की जरा."

दोरी सैल केली. पोतं जमिनीला टेकलं. मग मी मधला दांडा पूर्ण खाली घेतला आणि पायांचा सगळ्यात बारीक टप्पा आत ढकलला, आणि पोतं जेमतेम टेकेल इतकी दोरी पुन्हा ताणून घेतली. कॅमेरा इतका खाली आला की मला गुडघ्यांवर बसून वाकावं लागलं. कंबर ठणकली. पण पवनचक्की स्थिर दिसली.

फोटो लख्ख आला. कव्हर वेळेवर छापलं गेलं. साहेबांनी मला पोस्टाने अहवालाची प्रत आणि हेड ऑफिसला पाठवलेल्या टिपणाची झेरॉक्स पाठवली. त्यात लिहिलं होतं की, हलका कार्बन फायबर ट्रायपॉड पठारावरच्या जोरदार वाऱ्यातही समाधानकारक ठरला असून इतर साइट्ससाठी तसेच आणखी दोन घ्यावेत.

मी फोन केला. "साहेब, दगडांचं लिहायचं राहिलं."

"जाधव, दगड काय, लोकली अव्हेलेबल आहेत!"

ट्रायपॉड कुठला घ्यावा, असं आजही कुणी विचारलं तर मी सांगतो: आपला सगळ्यात जड कॅमेरा त्यावर चढवा, पाय पूर्ण उघडा, दुकानाबाहेर वाऱ्यात उभा करून बघा. आणि तोवर, बिलावर सही करणाऱ्याला चहाला पाठवा.