मेणातला खळगा

खालच्या मजल्यावरचे काका दर रविवारी गॅलरीत पेपर पसरून बसतात. भांडीबाजारातल्या मोडीतून आणलेले अडकित्ते, अत्तरदाण्या, चुन्याच्या डब्या समोर मांडतात आणि म्हणतात, "चला, आंघोळी उरका!" मग चिंचेचा कोळ, जुना टूथब्रश आणि मळाशी हाडवैर.

दिवाळीत त्यांची बहीण येवल्याहून आईचा पितळी करंडा घेऊन आली. ती आत चहा करेपर्यंत काकांनी तो उकळत्या पाण्यात बुडवून, घासून लखलखीत केला. बहिणीनं झाकण उघडलं.

"दादा, यातलं मेण?"

"काळं पडलं होतं गं. काढलं."

"कुंकवाआधी आई रोज तेच बोटानं कपाळाला लावायची. तिच्या बोटाचा खळगा होता त्यात."

काकांनी ब्रश खाली ठेवला. मी फराळाला आलो होतो. हातातल्या चिवड्याचं काय करावं कळेना.

हल्ली ते प्रत्येक डबी आधी उघडून आत बघत राहतात. आंघोळीचं नाव काढत नाहीत.

परवा गेलो, तर करंड्यात नवं मेण ओतलेलं होतं आणि काका त्यात बोट दाबून बघत होते. मला पाहून त्यांनी हात मागे घेतला.

"माझं बोट जाड आहे रे," म्हणाले.