मऊ बाजूने घासायचं

घोडपदेवच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली गावकीची आहे. राजापूरकडच्या एका गावाने ती फार पूर्वी पागडीने घेतली. गावचा माणूस मुंबईत उतरला की तिथे वळकटी टाकायची आणि गिरणीत काम शोधायचं, अशी सोय. एके काळी त्या खोलीत अठ्ठावीस जण पाळ्यांप्रमाणे झोपत. आता तिथे कोंडीरामभाऊ एकटे राहतात. वय त्र्याहत्तर. लग्न केलं नाही. गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका इमारतीत रखवालदारी केली, तीही संपली. गावकीने त्यांच्यावर खोलीची किल्ली आणि माळ्यावरची भांडी सोपवलेली आहेत.

ही भांडी गावातल्या लोकांनीच वर्षानुवर्षं दिलेली. तांब्याचे दोन हंडे, जर्मनचे पाच टोप, पितळी पराती, कढया, झारे आणि स्टीलची एकशेवीस ताटं. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव आणि साल. लग्न असो की बारावं, गावच्या कुणाच्याही घरी पंगत असली की भांडी इथूनच जायची. हल्ली केटरर ताटांसकट येतो. सहा वर्षांत कुणी एक पळीसुद्धा नेलेली नाही. तरी महिन्यातल्या एका रविवारी कोंडीरामभाऊ सगळी भांडी गॅलरीत काढून घासायचे.

माझं दार समोरच असल्यामुळे त्यांची रीत मला पाठ झाली आहे. तांब्याला चिंच-मीठ आणि नारळाचा चोथा. जर्मनच्या टोपांना बुडाकडून काथ्या. बाकी सगळ्याला स्पंज. तो आणायला ते लालबागला एका ठरलेल्या दुकानात जात. स्पंज मुठीत दाबायचा, सोडायचा आणि तो किती वेळात फुगतो ते पाहायचं. आळसावून फुगला तर परत. मग उजेडाकडे धरून भोकं बघायची. भोकं बारीक आणि दाट हवीत. दुकानदार अमित त्यांना एकदा म्हणाला होता, ‘‘काका, मुलगी बघायला पण लोक एवढा टाइम लावत नाहीत.’’ त्यावर हे म्हणाले, ‘‘म्हणून तर पुढे भांडणं होतात.’’

घरी आणला की पहिलं काम म्हणजे सुरीने त्याची हिरवी खरखरीत बाजू सोलून काढायची. ती मोरीसाठी. भांड्यांना फक्त पिवळी मऊ बाजू. काम झालं की फेस पूर्ण जाईपर्यंत स्पंज धुवायचा, दोन तळव्यांत दाबून पाणी काढायचं, कधी पिळायचा नाही, कारण पिळला की तो आतून फाटतो. मग खिडकीच्या गजांत उभा ठेवायचा. वाटीत किंवा साबणाच्या पाण्यात तो राहिला तर त्यांना चैन पडत नसे. आठवड्यातून एकदा मिठाच्या पाण्यात उकळायचा. एवढं करूनही कुबट वास आला की तो ओट्याकडे, तिथून मोरीकडे, तिथून कचऱ्यात. एकदा सहज म्हणाले होते, ‘‘एका माणसाच्या ताट-वाटीला स्पंज झिजत नाही. झिजायच्या आधीच त्याला वास येतो.’’ आणि पुन्हा घासायला लागले होते.

गेल्या मे महिन्यात गावकीची सभा झाली. सेक्रेटरी स्वप्नील लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरीला आहे. मुलगा वाईट नाही. गावाकडून परीक्षा द्यायला, मुलाखतीला पोरं येतात, त्यांना झोपायला माळा लागेल, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. ठराव झाला : ज्याच्या घराण्याचं नाव भांड्यावर आहे त्याने ते महिन्याभरात घेऊन जावं, उरलेलं मोडीत जाईल. मोबाइलवर सगळ्यांना निरोप गेले. कोंडीरामभाऊंना खोली सोडायला कुणी सांगितलं नाही. भांडी जाणार, एवढंच.

कोरलेली बारीक अक्षरं आता त्यांना दिसत नाहीत, म्हणून नावं वाचून यादीशी ताडून बघायला त्यांनी मला बोलावलं. दोन दुपारी आम्ही ते काम केलं. शेवटी एक नाव उरलं आणि एक भांडं उरलं. यादीत होतं, ‘शेवंती, पितळी परात, १९८६’. आणि समोर एक मोठी परात होती, जिच्या काठावर काहीच नव्हतं. मी म्हटलं, हीच असेल, नाव झिजलं असेल.

ते बराच वेळ परातीच्या काठावर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, ‘‘झिजलं नाही. मी घालवलं.’’

शेवंतीवहिनी याच चाळीत तळमजल्यावर खाणावळ चालवायच्या. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. गावचे अठरा जण त्यांच्याकडे जेवायचे. त्यातले एक कोंडीराम. भाकऱ्यांच्या पैशांतून साठवून वहिनींनी गावकीला ही परात दिली. साऱ्या भांड्यांत बाईचं स्वतःचं नाव असलेलं हे एकच. पुढच्या वर्षी दिवाळीआधी भांडी घासायची पाळी कोंडीरामांवर आली. परातीच्या काठाला, नेमका नावाशी, एक काळा डाग पडला होता. बाजारात तेव्हा तारेची घासणी नवी नवी आली होती. वहिनींची परात सगळ्यांत जास्त चमकली पाहिजे असं मनात आलं, आणि हे तारेची घासणी व विटेची पूड घेऊन संध्याकाळभर त्या डागाशी झटले. डाग गेला. नाव दुकानदाराने हलक्या हाताने घातलेलं होतं, तेही गेलं.

‘‘मग?’’

‘‘मग काय. परात पालथी करून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही. तोंड कुठलं दाखवणार? स्टोव्ह घेतला, वर खोलीतच भात टाकायला लागलो.’’

तेव्हापासून ते एकटेच जेवत आले होते, हे मला ठाऊक होतं. त्याचं कारण त्या दिवशी कळलं. वहिनी पुढे खाणावळ बंद करून मुलीकडे भांडुपला गेल्या आणि तिथेच वारल्या. आता ती मुलगी, दर्शना, परात न्यायला येणार होती. खरं सांगायचं की झिजलं म्हणायचं, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय? त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

मधले तीन आठवडे त्या खोलीत फार माणसं आली. कितीतरी वर्षांनी दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला. कोंडीरामभाऊ प्रत्येकाला चहा देत, भांडं पुन्हा एकदा धुऊन, पुसून हातात ठेवत आणि सांगत, ‘‘नावाकडे मऊ बाजूने घासायचं हं. हिरवी बाजू लावायची नाही.’’ लोक हो म्हणत. एक बाई हसून म्हणाली, ‘‘काका, आमच्याकडे भांडी घासायला माया येते, तिला सांगायला तुम्हीच या.’’ ते खरंच विचारात पडले, कधी येऊ म्हणून. तोवर ती जिना उतरली होती. माणसं येत होती आणि प्रत्येक माणसागणिक माळा रिकामा होत होता.

दर्शना आली ती शेवटच्या रविवारी. पन्नाशीची, एका शाळेच्या ऑफिसात काम करणारी, बोलायला मोकळी. कोंडीरामभाऊंनी मला हाक मारून बसवून घेतलं. बहुधा एकट्याने सांगायचा धीर होत नव्हता. परात तिच्यासमोर ठेवली. तिने ती फिरवून फिरवून नाव शोधलं.

‘‘नाव नाही तिच्यावर,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या हातून गेलं. तारेनं घासलं मी. मुद्दाम नाही, पण गेलं. तुझ्या आईला सांगायचं राहिलं.’’

दर्शनाने परात मांडीवर घेतली.

‘‘आईला माहीत होतं नाव गेलंय ते,’’ ती म्हणाली. ‘‘कुठल्याशा पूजेला तिनं परात बघितली होती. घासून घासून जायचंच म्हणाली. तिला त्याचं काही नव्हतं.’’

कोंडीरामभाऊंनी सुस्कारा सोडला. मलाही हलकं वाटलं. पण ती थांबली नाही.

‘‘तिला वेगळंच लागलं होतं, काका. तुम्ही जेवायला यायचे बंद झालात ते. तिला वाटलं, तिच्या हातचं तुम्हाला आवडेनासं झालं. मला विचारायची, मीठ जास्त पडतं का गं माझ्याकडून? मी लहान होते, मला काय कळणार. तीन-चार महिने तुमच्या वाट्याच्या भाकऱ्या थापत होती. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मी खायचे.’’

‘‘तसं नव्हतं,’’ कोंडीरामभाऊ म्हणाले. पुन्हा म्हणाले, ‘‘तसं नव्हतं गं.’’

‘‘मग यायचं ना. एकदा येऊन सांगायचं.’’

ती रागावून बोलत नव्हती. परात चादरीत गुंडाळताना तिनेच विषय बदलला, मुलगी आरोही आता कॉलेजात आहे, वगैरे सांगितलं. निघताना त्यांच्या वहीत पत्ता लिहून दिला. ‘‘काका, एका रविवारी जेवायला या. आईसारखं जमत नाही मला, पण भाकरी थापते.’’ ते नक्की येतो म्हणाले. परात खाली टॅक्सीपर्यंत त्यांनीच नेली. बराच वेळ वर आले नाहीत.

त्यानंतर दोन रविवार गेले. माळ्यावर आता गाद्या आहेत, पण परीक्षेची पोरं दिवाळीनंतर येतील. तिसऱ्या रविवारी सकाळी कोंडीरामभाऊ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन निघाले. मला म्हणाले, भांडुपला चाललोय, संध्याकाळी येईन. मी त्यांना चाळीच्या फाटकातून वळताना पाहिलं.

अर्ध्या तासाने त्यांच्या दाराचं कुलूप वाजलं. मी जाऊन विचारलं, काय झालं? ते सदरा खुंटीला अडकवत होते. पाठमोरेच म्हणाले, ‘‘उशीर झाला म्हणून परत आलो.’’

तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते.