मामाचा कॉम्प्युटर आणि आजीची पहाट

देहाने एका ठिकाणी आणि मनाने भलतीकडेच राहण्याची विद्या आमच्या मामाइतकी साऱ्या लखनौत कुणालाच साधलेली नव्हती. चहाचा कप ओठांशी नेऊन तो तिथेच थांबायचा आणि चहावर साय धरल्यावर 'फार गरम आहे का गं?' म्हणून विचारायचा. एकदा आजीने त्याला अमीनाबादला पडद्याचं कापड आणायला पाठवलं. रिक्षावाल्याने 'कहाँ चलें, बाबूजी?' असं विचारलं, तेव्हा मामा ढगांकडे बघत म्हणाला, 'जहाँ आप ठीक समझें.' रिक्षावाल्याला गोमतीचा काठ ठीक वाटला. दोघांनी तिथे बसून भाजलेल्या शेंगा खाल्ल्या आणि संध्याकाळी मामा मोठ्या प्रसन्न मुद्रेने घरी आला. पडदे त्या वर्षी झालेच नाहीत. त्याचं लग्नही असंच कुठल्याशा विचारात राहून गेलं असावं.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. मामा सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता आणि इंदिरा नगरात आजीसोबत राहायचा. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे. अशाच एका रविवारी शेजारच्या घरातून वाढदिवसाची खीर आली. आजीने वाटी हातात धरून विचारलं, "काऊन रे, माहा वाढदिवस कवा असते?"

"एक जुलै," मामा म्हणाला. कागदोपत्री तारीख लागते म्हणून त्यानेच कधीतरी ती लिहून टाकली होती.

"ते सरकारची झाली. माही कोनती?"

पत्रिकेची आमच्याकडे पद्धत नव्हती. आजीला एवढंच ठाऊक होतं की, मोठ्या तापाची साथ सरल्यावर वर्षा-दोन वर्षांत ती जन्मली, पहाटे जन्मली, आणि त्या वेळी शुक्राची चांदणी चंद्राला अगदी चिकटून उभी होती. हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. मामाने आपली वाटी खाली ठेवली आणि तो जो हरवला, तो थेट दिल्लीला पोचला. चंद्र आणि शुक्र जुन्या पहाटांना कुठे होते, हे कॉम्प्युटर सांगू शकेल, असं त्याच्या मनाने घेतलं. तयार यंत्र परवडण्यातलं नव्हतं, म्हणून त्याने सुटे भाग विकत घेऊन ते घरी जोडायचं ठरवलं. परतीच्या गाडीत खोकं त्याच्या जागेवर बसलं होतं आणि मामा उभा. 'भाई साहब, बैठ जाइए,' कुणीतरी म्हणालं. मामा म्हणाला, 'नहीं नहीं, इनको धक्का लगेगा.'

पुढे महिनाभर तो गणितं मांडत होता, स्क्रू पिळत होता आणि जेवायला बोलावलं की 'कोण?' म्हणून विचारत होता. शेवटी एका रविवारी सकाळी यंत्र टेबलावर सिद्ध झालं. आजी न्हाऊन, बुद्धवंदना म्हणून, खुर्चीत येऊन बसली. मामाने बटण दाबलं. आतला पंखा एकदा थरथरला आणि गप्प झाला.

लखनौच्या रिवाजाप्रमाणे आम्ही आधी बत्ती गेली का ते पाहिलं. बत्ती होती. मामाने प्लग बदलला, वायर बदलली, त्याच बोर्डावर टेबललॅम्प लावून पाहिला. दिवा लख्ख पेटला. कॉम्प्युटरने पुन्हा एक उचकी दिली, बस्स. मामा त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागला. "अच्छा, मग बिघडलंय तरी काय? सांग ना यार." असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आजी उठून आत जाता जाता म्हणाली, "राहू दे बाप्पा. एक जुलैच चालते मले. कोनाच्या ध्यानात राह्यते?"

मामाचा चेहरा एवढासा झाला. मग त्याने बाह्या सरसावल्या, आणि त्याला इतक्या शुद्धीवर मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने वीज देणारा डबा मोठ्या सर्किटबोर्डापासून सोडवून नुसत्या फ्लॉपीच्या यंत्राला जोडला. पंखा फिरला! म्हणजे डबा चांगला होता. मग बोर्डावरची कार्डं एकेक काढली. पुन्हा उचकी. शेवटी सगळे स्क्रू सोडून त्याने बोर्डच बाहेर काढला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि तारा जोडल्या. पंखा सुरू झाला आणि सुरूच राहिला.

"बोर्डही चांगला आहे," मी म्हणाले. "मग?"

मामाने रिकाम्या पेटीत डोकं घातलं. बोर्ड टेकवायला तळाशी पितळेच्या बारक्या खुंट्या असतात. त्यातली एक नको तिथे होती. ती बोर्डाच्या पाठीला टेकून वीज भलतीकडे वळवत होती.

"ही कुणी लावली?"

"मीच," मामा ओशाळून म्हणाला. "मधे फार मोकळं मोकळं दिसत होतं."

खुंटी काढली, बोर्ड पुन्हा बसवला, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. दुपार कलेपर्यंत यंत्राने आकडे मोजले आणि तीन पहाटा समोर ठेवल्या. एक उन्हाळ्यातली, एक पावसाळ्यातली, एक हिवाळ्यातली. तिन्हींत शुक्र चंद्राला चिकटलेला. मामा हताश झाला. "आता यातली कोणती?"

"थंडीतली," दारातून आजी म्हणाली. "मायजवळ शेकोटी पेटवली होती ना."

"आई! हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कवा?"

ती हिवाळ्यातली तारीख मामाने तिला तीनदा वाचून दाखवली. पडद्यावरच्या हिरव्या आकड्यांवरून आजीने सावकाश बोट फिरवलं.

त्या थंडीत ती तारीख आली, तेव्हा मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले होते. पहाटे जाग आली तर बाहेर धुकं होतं आणि आजी नवं लुगडं नेसून, शाल गुंडाळून अंगणात खुर्ची टाकून बसली होती. मामा तिच्या शेजारी पायरीवर उकिडवा बसला होता. आकाश काही दिसत नव्हतं.

"काऊन रे," आजी हळूच म्हणाली, "वाढदिवस किती वाजता सुरू होते?"

मामाने तिच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली. "झालाय सुरू, आई," तो म्हणाला. "केव्हाचाच."