पोस्टातली नोकरी

पीएचडी झाली आणि मी कोल्हारला घरी परत आले. पोस्टडॉकसाठी, म्हणजे बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेत काही वर्षं संशोधन करायला मिळावं म्हणून, मी प्राध्यापकांना मेल पाठवत होते. प्रत्येकाचे शोधनिबंध वाचून प्रत्येकाला वेगळा मेल लिहायचे. उत्तर एकाचंही येत नव्हतं. कपड्यांच्या सेलच्या जाहिराती तेवढ्या न चुकता यायच्या.

आईनं त्या शब्दातलं ‘पोस्ट’ तेवढं ऐकलं आणि पोरगी पोस्टात लागणार म्हणून गल्लीभर सांगून टाकलं. मी चिडले, समजावलं, शेवटी नाद सोडला. पोस्टमन दारावरून निघाला की ती त्याला हटकायची, “आमच्या पोरीचं काय आलं का?” तो गाडी थांबवायचा, हातातला गठ्ठा पुन्हा एकदा चाळायचा आणि म्हणायचा, “न्हाई मावशी, आज न्हाई.”

आत लॅपटॉपसमोर बसून मी ते ऐकायचे. आधी लाज वाटायची. पुढे पुढे आईचा हेवा वाटायला लागला. तिला निदान थांबून नाही म्हणणारं कुणीतरी होतं.